रविवारच्या शिक्क्याची अंडी

मी, कस्तुराबाई गेणबा कोळपे, वय अंदाजे एकसष्ट, धंदा शेती व कोंबड्या, राहणार कोळपेवस्ती, तळेगाव ढमढेरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे लिहून ठेवते. मला लिहिता-वाचता येत नाही. बोलणं माझं, ते नीट भाषेत शाळेच्या मायाबाई ओव्हाळ उतरवून घेत आहेत. पोटात गाठ आहे आणि पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत. डोकं मात्र ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. नशेचं म्हणाल तर आमच्या घरातली सगळी दारू माझ्या मालकांनीच पिऊन संपवली.

कलम १. वस्तीवरची दीड एकर जमीन व दोन खोल्यांचं घर माझा एकुलता मुलगा मल्हार याला मिळावं. विहिरीकडचा बांध दीर बाळासो याने दर वर्षी नांगराचं एकेक तास, एकेक सरी करत स्वतःकडे ओढला आहे. मोजणी आणून तो परत घ्यावा. म्हातारी गेली, आता जाऊ द्या, असं कोणी म्हणू नये.

कलम २. माझी पितळी परात जाऊ गिताबाई यांच्याकडे माझ्या लग्नापासून आहे. ती त्यांनाच राहू द्यावी. फक्त ती कस्तुराची आहे एवढं त्यांनी माझ्या दहाव्याला चार बायकांत म्हणावं.

कलम ३. कोंबड्यांची शेड, आज रोजी असलेल्या ऐंशी कोंबड्या, तारखेचा रबरी शिक्का आणि 'कस्तुरा गावरान अंडी' हे नाव माझी सून पूनम हिला द्यावं. दुसऱ्या कोणाचा त्यावर हक्क नाही. हे ऐकून मल्हारला वाटेल, आईला भ्रम झाला. म्हणून कारण सांगते.

आधी मी अंडी पाटीत भुसा घालून दुकानोदुकानी देत असे. पूनम लग्न होऊन आली ती दहावी झालेली. म्हणाली, "आत्या, अंडं कवाचं हाय ते गिऱ्हाइकाला कळाया पायजे." तिने शिरूरहून आकड्यांच्या चकत्या फिरवायचा शिक्का आणला. प्रत्येक अंड्यावर ते घातल्याची तारीख, सहा अंड्यांचा पुठ्ठा आणि वर चिकटवायला छापील चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर पोरीने स्वतःचं नाव नाही घातलं, माझं घातलं. तळेगावात हौसराव नरके यांचं किराणा दुकान, शिक्रापुरात दोन, कोरेगाव भीमात एक. चारी दुकानांत आमचे पुठ्ठे समोरच्या फळीवर असायचे. मला ते नाव वाचता येत नव्हतं, तरी मी त्याच्याकडे बघत उभी राहायचे.

रविवार मात्र खंडोबाचा. सासऱ्यांची मेंढरं होती तेव्हापासून आमच्या घरात रविवारचं दूध विकत नाहीत. मेंढरं गेली, कोंबड्या आल्या, तोच नेम अंड्यांना लागला. रविवारच्या अंड्यांवर शिक्का मारायचा नाही, ती बाळंतिणींना आणि शाळेतल्या पोरांना वाटायची. हे साऱ्या तळेगावाला ठाऊक होतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडी आली. चार दिवसांत दोनशेतल्या दीडशे माना टाकून मेल्या. पूनम म्हणाली, "दुकानदारास्नी सांगू, दोन महिनं माल न्हाई." मला धास्ती, की फळीवरची जागा एकदा गेली तर परत मिळायची नाही. ती भावाच्या लग्नाला चार दिवस पाबळला गेली, मल्हार सणसवाडीच्या कंपनीत डबल ड्युटीवर. मी दौंडकडच्या एका पोल्ट्रीतून पांढरी अंडी मागवली, चहाच्या पाण्यात बुडवून तांबूस केली आणि त्यांवर शिक्के मारले. चकती रोज एक घर पुढे करायची एवढं मला बघून माहीत होतं. मी रोज एक घर पुढे केली. रविवारीही केली. ती अंडी आमच्या कोंबड्यांची नव्हतीच, त्यामुळे खंडोबाचा वार मनातसुद्धा आला नाही.

मंगळवारी हौसरावांनी अंडं हातात घेतलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि दुकान भरलेलं असताना विचारलं, "कस्तुराबाई, ऐतवारचं अंडं तुमी कवापासनं इकाया लागला?" मग ओल्या फडक्याने ते पुसलं. अंडं पांढरं निघालं.

मी म्हणाले, "मला कुठं वाचता येतंय? सून म्होरच्या तारखा मारून ठिवून लग्नाला गेलीया."

सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. अडाणी बाई तारीख कशी खोटी करील? पूनम परत आली तशी मल्हारने तिला अंगणातच उभं केलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, तुमीच सांगा." मी तव्यावरची भाकरी उलटली. तिने लहानग्या लेकीला, प्रतिभाला, कडेवर घेतलं आणि आल्या जीपने परत माहेरी गेली. त्याला दीड वर्ष झालं. तिने बाहेर कुठेही माझं नाव घेतलेलं नाही.

येत्या शुक्रवारी तिचे वडील तात्याबा बरकडे यांच्या घरी काडीमोडाची बैठक आहे. मल्हारसाठी दौंडची दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. त्याला तोंडाने सांगायला मी तीनदा गेले आणि तीनदा पाणी मागून परत आले. माझ्या पोराचा संसार मी सहा अंड्यांच्या पुठ्ठ्यासाठी मोडला. रात्रंदिवस मला तेवढंच दिसतं, गाठीचं दुखणं त्यापुढे काही नाही.

इथे मायाबाईंनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, "मावशी, हे तुमच्या माघारी उघडायचं ना?"

मी विचारलं, "बाई, शुक्करवारपातूर मी मरंन का?"

"नाही मरायच्या."

"मग काय उपेग?"

कलम ४. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणापर्यंत ठेवू नये. मल्हार बाहेर ओट्यावर बसला आहे, त्याला आत्ता आत बोलावून वाचून दाखवावं. पूनमने मला माफ करावं असं मी यात लिहीत नाही. ते माझ्या मालमत्तेत येत नाही.

लिहून घेणारीची नोंद: वरील मजकूर मल्हार यास वाचून दाखवला. त्याने कागद हातात घेतला नाही. "आये, शुक्करवारी मी सही करनार व्हतो गं," एवढंच म्हणाला आणि जीप आणायला गेला. कस्तुराबाईंना उचलून बसवलं. वाटेत हौसराव यांनाही घेतलं. पाबळला तात्याबांच्या दारात मी कागद उघडला, तो कस्तुराबाईंनी मिटायला लावला आणि सगळं स्वतःच्या तोंडाने, गल्ली गोळा होईपर्यंत मोठ्याने सांगितलं. मग अंगठा उठवला. पूनम उंबऱ्याच्या आत उभी होती. तिने विचारलं, "आत्या, दीड वरीस?" कस्तुराबाईंनी शाई लागलेला अंगठा पदरात लपवला.

कस्तुराबाई गेणबा कोळपे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. हौसराव नरके, किराणा दुकानदार, तळेगाव ढमढेरे (सही)
२. तात्याबा बरकडे, पूनमचे वडील, पाबळ (सही)

लिहून घेणार: माया ओव्हाळ (सही)

ठिकाण: बरकडे यांचा ओटा, पाबळ
दिनांक: ८ डिसेंबर २००४, बुधवार