विहीणबाईंना करंट

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. दुपार.
सूड घ्यायचं ठरलं. फार बरं वाटायलंय.
झालं असं. नात उर्वी शुक्रवारी समुद्रात तीस मीटर खाली बुडी मारणार, पाठीला हवेचं नळकांडं लावून. तिला शिकवणारा यूसुफ, रत्नागिरीचा, चहाला आला होता. म्हणाला, आजी, खोलीचं एवढं नाही, भीती करंटची. मी म्हटलं, बाळा, करंटचं मला सांगू नको. आमचे हे परभणीत तीस वर्षं वायरमन होते. आत जाऊन त्यांचे रबरी हातमोजेच घेऊन आले. आठवण म्हणून कुवेतला लेकाकडे येताना आणलेत, मिरच्या चिरताना घालते. तर विहीणबाई, म्हणजे सुनेची आई शुभदा, पुण्याची, इतक्या हसल्या की चहा नाकातून आला. पोहता येतं म्हणून केवढा तोरा! त्यात महिनाभर दोघी एकाच खोलीत. विहिरीचा तळ लागतो, विहिणीचा नाही.
आजपासून बोलणं बंद.

बुधवार, १२.
बोलावं लागलं. रिमोट त्यांच्याकडे होता.
यूसुफचा फोन, स्पीकरवर. उर्वीला सांगत होता, करंटने ओढलं तरी बोटीपासून खाली सोडलेला दोर सोडायचा नाही. घाबरून झपकन वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात. सोडावॉटरसारखे! माणूस लुळा पडतो, नाहीतर जातोच. सून सोनल म्हणाली, जाऊच नको. उर्वी म्हणाली, मम्मा, चिल. विहीणबाई नुसती माळ ओढत होत्या. ढोंग.
मोजे उर्वीच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवले. घालीन म्हणून शपथ घ्यायला लावली.

गुरुवार, १३.
बेत पक्का. उर्वी सुखरूप येणार, सगळ्यांसमोर आजीचं खरं म्हणणार, की लगेच मी विहीणबाईंना चहा देणार. साखरेच्या जागी मीठ. तीन चमचे.
तालीम केली. तो कप अनुप पिऊन ऑफिसला गेला. पोटचा पोरगा. सांगितलं नाही.

शुक्रवार, १४. सकाळी साडेअकरा.
फोन नाही. विहीणबाईंनी माझा हात धरलाय. सोडवून घेणार होते. राहिलं.

संध्याकाळी पाच.
आली! खाली करंट एवढा की सगळे दोराला धरून झेंड्यासारखे आडवे. यूसुफने अर्ध्यातूनच सगळ्यांना थांबत थांबत वर आणलं. दोराला शिंपल्या चिकटलेल्या, सुरीसारख्या. आलोक म्हणून एक होता, त्याचे तळवे फाटले, पकड सुटली, यूसुफने गचांडी धरली म्हणून वाचला. उर्वीला ओरखडा नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, आजी, मोजे होते म्हणून दोर सुटला नाही. फक्त मिरचीनं हात चुरचुरतायत. आणि म्हणे, करंट विजेचा नाही, पाण्याची ओढ. मग आधीच ओढ म्हणायचं ना!
लगेच चहा टाकला. तीन चमचे. कप ठेवते तोच विहीणबाई रडत आल्या, माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, तुमच्यामुळे पोर घरी आली. मी थांबा म्हणायच्या आत कप उचलला. शेवटच्या घोटापर्यंत संपवला. म्हणाल्या, छान झालाय.
हा सूड धरायचा की नाही, कळेना.

शनिवार, १५. सकाळ.
विहीणबाईंनी आपणहून मला चहा करून दिला. समोर बसल्या, गालाला हात लावून.
पहिल्या घोटालाच कळलं. चार चमचे असावेत.
सगळा प्याले. छान झालाय म्हटलं.