बांधाची खांड

पोशीर
१८ जुलै २०२५

ती. नम्रताताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तुझ्या सासूबाई शेजारीच असतात, म्हणून हे पत्र. पोपटमामा कोंडाण्याहून आले, त्यांच्याकडून कळलं की तुमचं वरचं शेत लावणीसकट वाहून गेलं. त्या दिवशी तुझ्याकडे आलो तेव्हा शेताच्या बांधाला तुडुंब पाणी लागलेलं पाहून, पाणी बाहेर पडावं म्हणून मीच कुदळीने खांड पाडली आणि मोठा शहाणा असल्यासारखा चहा पिऊन निघून आलो. आपल्याकडे तसंच करतात ना! आपली काळी माती चिकट. पाणी उतरलं की दोन ढेकळं दाबली, खांड बंद. तुमची माती वेगळी, हे डोक्यातच आलं नाही. घास उतरत नाही गं ताई. खरं काय ते कळव.

तुझा अपराधी भाऊ,
जितेश

कोंडाणे
२३ जुलै २०२५

चि. जितेशला अनेक आशीर्वाद.

मामा बोलले ते खरं आहे. तुझी खांड संध्याकाळपर्यंत ओढ्याएवढी झाली. इथली तांबडी माती भुसभुशीत, त्यात उतार. पाण्याला वाट मिळाली की पिठासारखी सुटते, मागे नुसता मुरूम राहतो. खालच्या शेतातल्या सोमीची नाचणीही गाळाखाली गेली.

खांड मी पाडली, असं घरात सांगितलंय. तुझं नाव निघालं असतं तर तुझं इथे येणंच बंद झालं असतं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर माझी अक्कल काढतात, मी ऐकून घेते. तू कुदळ उचललीस तेव्हा मी भावाच्या कौतुकात नुसती बघत राहिले, तेव्हा चूक माझीही आहेच. तू येऊन काही बोलू नकोस, माझी शपथ आहे. आणि जेवत जा, आधीच काडी झालायस.

माया आहे तशीच राहू दे.
ताई

पोशीर
२८ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शपथ मोडली. काल तू बाजाराला गेली होतीस तेव्हा येऊन गेलो. सोमीला भात देऊ केलं, तर ती म्हणाली की भात खाऊन संपंल, गाळाखालची माती कोन काढनार रं.

मग सासूबाईंना सगळं सांगितलं आणि शिव्या खायला मान खाली घालून उभा राहिलो. त्या ओरडल्याच नाहीत. ओसरीवर बसल्या, डोळ्यांना पदर लावला. पोरीला चार लोकांत नको नको ते बोलले, आता कोणत्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ, असं म्हणाल्या. मी तुला सांगतो म्हटलं, तर नको, मीच बोलेन म्हणाल्या. अजून बोलल्या नसतील तर थोडी वाट बघ.

आता दर रविवारी सोमीच्या शेतातला गाळ उपसायला येणार आहे. ताई, तू मात्र एकदा तरी माझ्यावर रागव गं. तू सांभाळून घेतेस, तेच सोसत नाही.

तुझा,
जितेश