खोट्या जनुकाच्या आधारे भाऊ परत मिळणेबाबत

प्रति,
मा. पुरवठा अधिकारी साहेब,
तालुका पुरवठा कार्यालय, जि. बीड

अर्जदार : आसाराम आप्पाराव शिनगारे, धंदा शेती, रा. तेलगाव रस्त्यावरची वस्ती

विषय : धाकटा भाऊ अभिमन्यू यास शिधापत्रिकेवर पुन्हा चढवणेबाबत. (बोगस असला तरी लागतो.)

संदर्भ : अर्जदाराचाच मागील अर्ज, रागाच्या भरात दिलेला.

महोदय,

१. अर्जदारास लिहिता येते, पण भावाचे नाव आले की अक्षर बिघडते. सबब हा अर्ज अर्जदाराच्या सांगण्यावरून कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाने लिहिला आहे.

२. अर्जदार व अभिमन्यू यांचा चेहरा, मिशी आणि खाकरणे हुबेहूब एक. फरक एवढाच, की अर्जदार शेती करतो आणि अभिमन्यू काहीच करीत नाही. अर्जदाराचा जुना सदरा घालून घरापुढच्या बाजेवर बसणे, चहा पिणे आणि येईल त्याला 'बघू की' म्हणणे हा त्याचा उद्योग. मागल्या उन्हाळ्यात कार्डांची तपासणी निघाली तेव्हा अर्जदाराचे डोके फिरले. खायला काळ अन् भुईला भार, असे म्हणून त्याने भावाचे नाव बोगस म्हणून कमी करवले. आपल्या कार्यालयाने ते इतक्या तत्परतेने केले, की राग ओसरायलाही सवड मिळाली नाही. अभिमन्यू त्याच दिवशी मांजरसुंब्याला बहीण अंजना हिच्याकडे निघून गेला.

३. तेव्हापासून, पूर्वी अभिमन्यूच्या बाजेपाशीच अडकणारी माणसे थेट शेतात येऊ लागली : बियाण्याचे एजंट, विमेवाले, सोयरिकी जुळवणारे, दोन्ही पॅनेलचे पुढारी. अर्जदारास नाही म्हणता येत नाही. परिणामी तो सध्या सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलचा उमेदवार असून गेल्या सोमवारी त्याने स्वतःच्याच विरोधात भाषण केले. टाळ्याही पडल्या. एका लग्नात तो मुलीकडचा व मुलाकडचा असा दोन्हीकडचा मध्यस्थ आहे आणि दोन्हीकडून रुसलेला आहे. कापूस बोंडातच लोंबतो आहे व गवत कमरेला लागले आहे.

४. अशात अर्जदाराच्या मानेवर गाठ आली. बीडला दवाखान्यात तुकडा तपासायला दिला. निकालाची वाट पाहताना मुलगी सायली, जी संभाजीनगरला जीवशास्त्र शिकते, तिने समजावले ते असे. माणसाच्या अंगात पीटेन नावाचे एक जनुक असते. पेशींना बेफाम वाढू न देणे, म्हणजेच गाठी आवरणे, हे त्याचे काम. त्यासाठी लागणारे प्रथिन बनवायला ते निरोप धाडते. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे बारीक तुकडे फिरत असतात, ते या निरोपाला चिकटून तो वाटेतच बंद पाडतात. आता या जनुकाची एक नक्कल आहे. तिच्याकडून कसलेही प्रथिन बनत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी तिला खोटे जनुक ठरवले. पण तिचाही निरोप दिसायला हुबेहूब तसाच. तुकडे फसून त्यालाच चिकटतात आणि खऱ्याचा निरोप सुखरूप पोचतो. काही रोग्यांच्या गाठींत तर हे खोटे जनुकच हरवलेले सापडले.

५. हे ऐकून अर्जदार बाकावरच ढसाढसा रडला. भोवतीच्या लोकांना वाटले, निकाल वाईट आला. पत्नी सुनिता एवढेच म्हणाली, "आता कळलं व्हय? तुमचं खोटं गेलं, आन् त्याच्यापायी खरं बी कामातनं गेलं." हे वाक्य कार्यालयीन नाही म्हणून अर्जनवीस गाळणार होता, परंतु बाई समोर उभ्या आहेत.

६. अर्जदार मांजरसुंब्याला जाऊन आला. तिथे अभिमन्यू मेहुण्याच्या ढाब्यापुढे बाजेवर बसला होता आणि त्याच्याभोवती चार एजंट होते. मेहुणा आत निवांत घोरत होता. अभिमन्यू म्हणाला, "सरकारच म्हणतंय मी न्हाई. जो न्हाईच हाय, त्यो येईल कसा? आदी कार्डावर चढीव." अर्जदार एकटाच परतला. त्याला भावाशिवाय करमत नाही, घर खायला उठते. साहेब, जनुक वगैरे सगळे खरेच आहे, पण अर्जाचे मूळ कारण हे आहे.

७. कार्यालयात विचारता कळले, की नाव चढवायला दोनच कारणे चालतात : जन्म किंवा लग्न. अभिमन्यूस मुलगी द्यायला पंचक्रोशीत कोणी तयार नाही. सबब जन्म धरावा. साहेबांना वयाची शंका राहू नये म्हणून येत्या गुरुवारी त्याचे रीतसर बारसे ठेवले आहे. पहिल्या खेपेस ज्यांनी त्याचे नाव ठेवले, त्या आत्या भिवराबाई हयात असून पुन्हा कानात सांगण्यास राजी आहेत. आपण पंचनाम्यास जातीने यावे, घुगऱ्या केल्या आहेत.

आपल्या उत्तराकडे व रस्त्याकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र
आसाराम आप्पाराव शिनगारे
दि. ५ डिसेंबर २०२५

सोबत :
१. शिधापत्रिकेची झेरॉक्स.
२. दवाखान्याचा अहवाल. गाठ चरबीची निघाली.
३. सायलीने काढलेली खऱ्या व खोट्या जनुकाची आकृती. कोणते कोणते, ते अर्जदारास ओळखता आले नाही.
४. अभिमन्यूचे संमतिपत्र. मजकूर : "बारशाला येतो. पाळण्यात बसनार न्हाई."