सोमवारी पोरगी घरी येतेय

प्रिय भोंगाबाई,

सोमवारी पोरगी घरी येतेय. हे वाचून तू आधी नाचशील, ठाऊक आहे मला. पण जरा दम धर, पुढचंही वाच.

चौदा महिने दर बुधवारी बालकल्याण कार्यालयाच्या त्या खोलीत आम्ही तासभर भेटायचो. कोपऱ्यात वहीवाल्या बाई. पोरीला जवळ घेतलं तरी लिहायच्या, नाही घेतलं तरी लिहायच्या. मागच्या महिन्यात मी केळं सोलून दिलं, तर पोरीने आधी बाईंकडे पाहिलं, घेऊ का म्हणून. माझ्या पोटची पोर! मी हसले, कारण रडले असते तर तेही वहीत गेलं असतं. त्यांनी खोटं काही रचलेलं नाही गं. तिला खोलीत कोंडून मी गोळ्यांच्या नशेत दिवसभर पडून होते, ते खरंच आहे. पण म्हणून जन्मभर नाक घासायचं का?

व्यसनमुक्ती केंद्रात आपल्याकडून घोकून घेतलं होतं ना, खरं बोला, लपवू नका. बाईंनी विचारलं, जीव कासावीस झाला की कुणाला हाक मारतेस? मी शहाणी, तुझं नाव सांगितलं. पहिल्या आठवड्यात मी थरथरत होते तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीस, तेही फुशारकीने सांगितलं. अहवालात आलं, जुन्या व्यसनी व्यक्तीशी अजून संबंध. सुनावणी तीन महिने पुढे ढकलली. त्या दिवशी कामावर इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालताना मी प्रत्येक चादर बडवून काढली.

गेल्या शुक्रवारी बाई घर बघायला आल्या. फ्रिज उघडला, औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. टेबलावर माझा फोन वाजत होता. तूच होतीस. सात वेळा. आपल्यापैकी कुणी सात वेळा फोन का करतं, हे मला कुणी सांगायला नको. बाईंनी विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, कामावरून. आणि फोन बंद केला. मग त्यांनी पुढे केलेल्या कागदावर, तुझ्याशी संबंध ठेवणार नाही म्हणून सही केली. आता फोन करू नकोस, दारात येऊ नकोस. मला लाज वाटते, पण पोरीसाठी पुन्हा हेच करीन. शुक्रवारी तू सावरलीस की नाही, तेही मला कळवू नकोस.

तुझीच, पण एवढ्या कागदापुरती