क्लबचं गवत आणि सुधाचं बंगलोर

२ फेब्रुवारी १९७४, शनिवार
शाळा सुटल्यावर गोल्फ क्लबात. पत्रं चार, त्यातली तीन तक्रारी. कर्नलसाहेबांनी फेअरवेचा विषय पुन्हा काढला. फेअरवे म्हणजे चेंडूचा राजरस्ता. आमच्या मेंबरांचे चेंडू बहुधा बाजूच्या बाभळीतून प्रवास करतात. उन्हाळ्यात तिथली काळी माती भेगाळते, चेंडू भेगेत जातो, आणि मेंबर मला पत्र लिहितात. पत्रव्यवहार माझ्याकडे, म्हणून भेगाही माझ्याच.

बरसातीआधी गवताची जात ठरवायची आहे. आमच्या सुधाच्या शेतकी कॉलेजातल्या सरांनी गेल्या पावसाळ्यात तीन वाफे लावून दिले, देखरेख सुधाकडे. शिफारस लिहून कमिटीपुढे ठेवायची ती मी. कमिटीत वाचणारं कोणी नाही, तेव्हा मी लिहीन तेच ठरेल.

अडचण अशी. बंगलोरच्या रोपवाटिकेची परदेशी जात घेतली, तर रोपांसोबत ते आपल्याकडचा एक माणूस तिथे वर्षभर ठेवून शिकवतात. सरांनी सु.चं नाव दिलं आहे. साधी हरियाळी, म्हणजे आपली दूर्वाच, ठरली तर कुणीच कुठे जायला नको. सु.ला जायचं आहे. बोलत नाही, पण ट्रंक धुऊन उन्हात ठेवली होती.

मला काय हवं? विचारून पाहिलं स्वतःला. मग तीन तक्रारींना उत्तरं लिहिली.

१० फेब्रु., रवि.
वाफे पाहिले. थंडीने हरियाळी पिवळी पडलेली. बंगलोरची हिरवी, दाट. तिला नाव नाही, नंबर आहे, कैद्यासारखा. मी नुसतं नं. लिहितो. तिसरी कोरियाची म्हणतात, ती अजून वाढावं की नाही याचा विचार करून राहिली आहे.

कर्नलसाहेब बूट काढून नं.वर चालले. "शास्त्रीजी, कालीन है कालीन!"

सीताराम माळी पाइप धरून उभा. "दिसाले चांगलं हाय. पन पानी किती पेते, थे मले इचारा."
"सांग, किती?"
"मी काहून सांगू जी? मले पगार पानी द्याचा भेटते."

परत येताना सु. म्हणाली, "बाबा, नं.सुद्धा आपल्या दूर्वेच्याच घरातली आहे. चुलत बहीण म्हणा."
"मग परदेशी काहून गेली?"
"शिकायला."
पुढे दोघंही सायकली हातात धरून चालत होतो. चढ नव्हता.

१४ मार्च, गुरु.
सु.ची आई मालती, तिचं वर्षश्राद्ध. गुरुजींचा उच्चार दोनदा चुकला, दोनदा दुरुस्त केला. शेजारच्या काकू माझ्याकडे बघत होत्या, आता रडेल मग रडेल म्हणून. मी विसर्ग ऐकत होतो. सु. आत पानं मांडत होती. तिचे डोळे लाल. धुरामुळे असतील असं म्हणणार होतो, पण चूल नव्हती, स्टोव्ह होता.

संध्याकाळी क्लबात गेलो. काम नव्हतं.

२१ एप्रिल, रवि.
शाळेच्या परीक्षा संपल्या. पेपर तपासतो आहे. एका चिरंजीवाने राम वनातून सुटीत घरी येतो असं लिहिलंय. अर्धा मार्क दिला. बिचाऱ्याला बरं वाटू दे.

हरियाळी पुन्हा हिरवी. नं. अजूनही देखणी. सु.ने बंगलोरच्या हवेबद्दल कुणालातरी विचारलं. तिथे मे महिन्यात पांघरूण लागतं म्हणे. मला सांगितलं नाही, शेजारच्या मुलीला सांगत होती. भिंत पातळ.

भाजीत मीठ नव्हतं. दोघांनी खाल्ली. 

१२ मे, रवि.
क्लबच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. कर्नलसाहेबांचा हुकूम, वाफ्यांना दिवसाआड पाणी. सीतारामला आनंद लपवता येईना.
दुपारी बाहेर पडायची सोय नाही. कूलरची खस सुकली. भिजवायला उठायचं, तर

(इथे झोप लागली असावी.)

२६ मे, रवि.
नं. गेली. म्हणजे मेली नाही, पण कर्नलसाहेबांचं कालीन आता चहा गाळून टाकलेल्या चोथ्यासारखं दिसतं. मध्ये मध्ये उघडी माती. हरियाळीही वरून वाळली, पण सु.ने खुरप्याने उकरून दाखवली: खालचे धावे, मातीत सरपटणाऱ्या त्या काड्या, पांढरे, ओलसर, गाठीगाठीला जिवंत. कोरियाची तशीच्या तशी. तिला उन्हाळा आल्याचं अजून कळलेलं नाही.

सु. उकिडवी बसून कितीतरी वेळ नं.चे धावे बोटांनी चाळत होती. हिरवं शोधत असावी. थोडं सापडलं. थोडंच.

सीताराम म्हणाला, "बाई, रातच्याले एखादी बादली टाकू का? कोनाले काय समजते."
"नको, भाऊ."
"तुमच्यासाठीच म्हनून राहिलो ना मी."
"समजलं. तरी नको."

१ जून, शनि.
शिफारस लिहायला बसलो. चार ओळी लिहिल्या, चारही खोडल्या. सरळ आहे: नागपूरचा उन्हाळा, काळी माती, आटणारी विहीर, तेव्हा हरियाळी. पण हे माझ्या अक्षरात गेलं तर लोक म्हणतील, बायको गेली, आता मुलगी अडवली. आणि लोक म्हणतील ते खोटंच असेल असंही मला छातीवर हात ठेवून

सु.ने कागद पुढे सरकवला. शिफारस तिनेच लिहून आणली होती. हरियाळी. खाली सही तिची.

"एक आठवडा थांब," मी म्हटलं.
"काहून?"
"पाऊस पडला की नं. उठेल."
"पाऊस पडल्यावर सगळंच उठते, बाबा. मेमध्ये कोण टिकतं ते बघायचं होतं."
"हे मी लिहायचं होतं, सुधा."
"म्हणूनच मी लिहिलं."

नंतर ती स्वयंपाकघरात गेली. भांडी घासायचा आवाज बराच वेळ. भांडी दोनच होती.

८ जून, शनि.
कमिटी. कर्नलसाहेब रुसलेले.
"हरियाली तो भैंस भी खाती है।"
वकीलसाहेब म्हणाले, "खाने दो साहब, भैंस क्लब की मेंबर नहीं है।"
हरियाळी मंजूर. चहा, समोसे. मी एक समोसा खाल्ला, चव लागली नाही. दुसरा खाऊन पाहिला, तोही तसाच.

घरी येऊन सांगितलं. "ठरलं." ती म्हणाली, "बरं." ट्रंक पुन्हा पलंगाखाली.

१० जून, सोम.
क्लबतर्फे बंगलोरला पत्र टाइप केलं. मागणी नाही, कळावे, वगैरे. पाकीट बंद केलं.

मग दुसरा कागद घातला. हे माझ्या नावाने. तुमच्याकडे मागणीशिवाय एखादा विद्यार्थी घेता का? फी किती? मुलगी शेतकी पदवीधर. ज्या वाफ्यात तुमचं गवत हरलं तो तिनेच जपला, आणि हरल्याचं तिनेच लिहून दिलं. असा माणूस तुम्हाला उपयोगी पडावा.

वीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं लिहितो आहे. या पत्राला वेळ लागला.

सु.ला सांगितलं. ती म्हणाली, "विचारायचं काय कारण होतं?" थोड्या वेळाने, "इंग्रजी नीट लिहिलं ना?"

२० जून, गुरु.
फेअरवेवर हरियाळीचे धावे लावणं सुरू. बाया ओळीने. सु. रोज सकाळी जाते, उन्हं चढायच्या आत परत. उत्तर नाही.

२९ जून, शनि.
उत्तर नाही. दुपारी दारात बसलो होतो. पोस्टमन गल्लीत शिरला, समोरच्यांकडे मनीऑर्डर दिली, आमच्या दाराशी सायकल हळू केली, आणि पुढे गेला.

बरं वाटलं. अगदी खरं लिहितो. पाठोपाठ आत सु.ची चाहूल लागली, तीही दाराआड उभी राहून बघत होती, आणि मला वाईट वाटलं. तेही खरंच. मालती गेल्यापासून असं एकही वाटणं नाही, आणि आज लागोपाठ दोन.

ती म्हणाली, "आलं का काही?"
"नाही."
"येईल," ती म्हणाली. माझी समजूत घालत होती.

उद्या रविवार. डाक नाही.