पहिल्या खेपेची तबकडी

११ फेब्रुवारी २००६, वणी
भंगारवाल्याकडे तीन निघाल्या. तिन्ही दुसऱ्या खेपेच्या! लेबल दोन्ही खेपांचं निळंच, वर ‘भीमगीत पार्टी, केळापूर’ एवढंच. गाणाऱ्याचं नाव नाही. ओळख एकच — लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबर. शेवटी १ असेल तर ७१ सालची. २ असेल तर दोन वर्षांनी पुन्हा गाऊन घेतलेली. आणि लाऊडस्पीकरवाले नेमकं तिथंच खिळ्यानं आपलं नाव खरडतात, तबकडी कुणी ढापू नये म्हणून. मेल्यांना दुसरी जागा नाही!

१२ फेब्रुवारी
मारोतकाका चिडले. “कायले जीव काढून राह्यली? पहिलीत तुहा बाप हाये. मीच त्याले गाडीत बसवून देल्लं. दुसरी झाली तवा मी खाणीत लागलतो. लोकं म्हनत, दुसराच कोनी गायला.” काकांचे कान सुरुंगांनी कधीच गेले, नाहीतर त्यांनीच ऐकून सांगितलं असतं.
आईबाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांची. घरात एक फोटो नाही. आवाज तरी हवा.

२६ फेब्रुवारी
राजूर. काही नाही.

९ मार्च
कापसाला भाव नाही, लोक घरातलं असेल नसेल ते काढताहेत. म्हणून भंगारात माल खूप. दुसऱ्याच्या मोडत्या संसारात मी तबकड्या उलटत बसते. लाज वाटते. तरी बसते. आज पुन्हा सगळ्या २. ढिगावर परत टाकल्या. पहिली आता उरलीच नसणार. कशाला जाते मी?

२ एप्रिल
सापडली! पांढरकवड्याला. ‘भावसिंग साऊंड’च्या खरडीखाली, बॅटरी तिरकी धरल्यावर — १!! घरी येऊन लावली. जाडा, खणखणीत आवाज. खूप रडले. पण बाबा असे गात असतील असं वाटलं नव्हतं.

९ एप्रिल
केळापूरला गेले. पार्टीतले उकंडाबाबा तेवढे हयात आहेत, ढोलकीवाले. त्यांना तबकडी ऐकवली. म्हातारा हसायलाच लागला. “हा त मीच हाओ, पोरी! तुह्या बापाचा गळा बसलता त्या दिवशी. म्हनून त कंपनीनं त्याले दुसऱ्यांदा बोलावलं.”
बस कशी पकडली, आठवत नाही.

१४ एप्रिल
चौकात सकाळपासून दुसऱ्या खेपेचंच गाणं लागलंय. दरवर्षी लागतं. लहानपणी मी कानात बोटं घालायचे — हा कोण परका, माझ्या बाबांच्या जागी गातो म्हणून.