थंड इंजिनाची वाफ

कुळगाव, बदलापूर
१२ डिसेंबर १९९०

प्रिय शशिकांत,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं. मिरजेची थंडी तुला मानवली, मुलगा-सून जपतात, हे वाचून बरं वाटलं. इकडे क्षेम आहे. समोरच्या भाताच्या खाचरात आता चार मजली इमारत उठतेय. सकाळचं ऊन तिच्या परांचीतून गाळून आमच्या ओटीवर येतं.

अक्षर कुंदाचं पाहून दचकू नकोस. माझं मनगट लचकलंय. मी सांगतो, ती लिहिते.

तुमच्याकडच्या छोट्या गाडीची वाफेची इंजिनं लवकरच बंद होणार असं तू ऐकलंस, आणि "कॅमेरा घेऊन लगेच ये" म्हणतोस. वाचलं आणि मी मनाने नेरळला जाऊन पोचलो. आठवतं? तू ड्रायव्हरला तंबाखू पुढे करून गळ घालायचास, "मास्तर, जरा धूर काढा की, फोटो पाहिजे." तो उखडायचा, "काळा धूर म्हणजे फायरमनची अब्रू गेली! पांढरी वाफ सोडतो, ती घ्या." मग उन्हाकडे तोंड करून मी उभा, वाफेत इंजिन विरघळलेलं, आणि चढावर त्याचं ते शाळकरी पाठांतर : यमाचा यमाचा यमाचा यमाचा. गुरुजींनी छडीने शिकवलेलं भुजंगप्रयात मला खरं कळलं ते त्या घाटात.

पण यंदा येणं जमेलसं दिसत नाही. मनगटामुळे कॅमेरा

(शशिकांतभावजी, ह्यांचं मनगट ठणठणीत आहे. कालच त्या हाताने नारळ फोडला. खोटं मी लिहिणार नाही. – कुंदा)

बघ, लेखणी बायकोच्या हाती दिली की असं होतं. बरं, सांगतो.

अंबरनाथच्या आपल्या फोटो क्लबात गेल्या महिन्यात स्पर्धा होती. मी परीक्षक. एका फोटोपुढे थांबलो आणि बोलतच सुटलो. वाफेने इंजिनाला कसं पदराखाली घेतलंय, कडा कशा हळुवार पुसल्यात, वगैरे वगैरे. आपला सेक्रेटरी मधू कानाशी येऊन म्हणाला, "काका, शेडमधलं बंद इंजिन आहे हो. थंडगार. वाफ नाहीये त्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, कवी माणूस! त्यांना दिसते."

हशा झाला. मीही हसलो. घरी परतताना मात्र लक्षात आलं, मला हल्ली सगळीकडेच वाफ दिसतेय. दिव्याभोवती, देवाभोवती, कुंदाच्या तोंडाभोवतीसुद्धा. आणि मला ते सुंदर वाटत होतं रे!

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. कॅम्प पाचमधले डोळ्यांचे सिंधी डॉक्टर म्हणाले, "साईं, डरने का नहीं, काच जैसा साफ दिखेगा." नाताळाच्या आधीची तारीख दिलीय. पण वडलांचा, आमच्या आण्णांचा, डोळा अशाच ऑपरेशनात गेला, तू होतास तेव्हा दवाखान्यात. त्यानंतर ते खिडकीशी बसायचे, पण बाहेर काय आहे ते आम्हाला विचारायचे.

कुंदा म्हणते, "आधी डोळे, मग इंजिन."

मी म्हटलं, "डोळे सुधारेपर्यंत इंजिन गेलं तर? आणि डोळेच गेले तर?"

इथे तिने लेखणी खाली ठेवली. आत जाऊन चहा टाकून आली. मग म्हणाली, "डॉक्टरांना तारीख पुढे ढकलायला मी सांगते. पण मिरजेहून आलात की दुसऱ्या दिवशी मुकाट टेबलावर झोपायचं. लिहू हे?"

लिही म्हटलं.

तेव्हा नाताळात दोघंही येतोय. कॅमेरा आणत नाही. तू फक्त रुळांजवळ माझ्या शेजारी उभा राहा. उपमा माझ्याकडे भरपूर आहेत, त्या देऊ नकोस. वाफ कोणती आणि माझा डोळा कोणता, तेवढं खरं खरं सांगत राहा.

तुझा,
चिंतामणी